तानूबाईंच्या गिरमिटाची वाटणी

मी, मथुरा, कै. नागोजी तोरगलकर यांची पत्नी, वय एकोणसत्तर, धंदा गिरमिटाची गाडी, राहणार दाजीबानपेठेच्या मागची गल्ली, हुबळी, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके जागेवर आहे. डॉ. प्रभंजन कट्टी यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनवर येऊन थांबले आणि आणखी कुठे जायचे ते त्यांना विचारले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणू शकणारी एकच बाई होती, माझ्या सासूबाई तानूबाई, आणि त्यांना जाऊन सत्तावीस वर्षे झाली.

माझ्या उजव्या मनगटाला कंप सुटला आहे. म्हणून मी सांगितले आणि लॅमिंग्टन रोडवरचे गुरुप्रसाद वकील यांनी लिहून घेतले. पुष्कळ ठिकाणी ते म्हणाले, "मावशी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, बसवा. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी कोणाला काही कबूल केले असेल तर ते रागात किंवा गणपतीच्या गर्दीत केले असेल, ते धरू नये.

१. राहते घर, दोन खोल्या आणि मागची मोरी, माझा मुलगा प्रशांत याला द्यावे. तो बंगळूरला असतो. विकायचे तर विकावे, मला वाईट वाटणार नाही. फक्त विकण्याआधी स्वयंपाकघराच्या भिंतीवरची तेलाची काजळी पुसायला माणूस लावावा. परक्या बाईने ती बघून नाक मुरडलेले मला चालणार नाही.

२. बँकेतली ठेवही प्रशांतचीच. त्यातून आधी वेणूबाई हलगेकर यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घ्यावेत. त्या माझ्या गाडीला लागून मिरची भजी तळतात. अलीकडे त्यांना भज्याचा रंग दिसत नाही, वासावर तळतात. गिऱ्हाइकांना अजून कळलेले नाही. त्या पैसे नको म्हणतील, त्यांचे ऐकू नये.

३. दागिन्यांत माझ्या पाटल्या आहेत. त्या सुनेला द्याव्यात. या पाटल्या सासूबाईंनी मला दिल्या आणि माझ्या धाकट्या जावेला, वनिताला, नथ दिली. वजनाने पाटल्या जास्त भरतात. पण नथ सासूबाईंच्या स्वतःच्या नाकातली होती. पाटल्या त्यांनी सराफाकडून आणल्या होत्या. वकील म्हणाले, याची इथे गरज नाही. गरज आहे. पुढचे सगळे नीट कळायचे तर हे आधी माहीत हवे.

४. आता गाडी आणि गाडीवरचे सामान: पितळी परात, गोज्जूचे पातेले, लोखंडी शेगडी, पिठाचे दोन डबे, शेवेची बरणी. हे कोणाला जावे यासाठीच खरे तर मी हा कागद केला आहे.

कज्जा झालाच आणि न्यायाधीश साहेब बाहेरगावचे असले तर त्यांच्यासाठी सांगते. गिरमिट म्हणजे चुरमुऱ्याचा पदार्थ. कांदा, हिरवी मिरची, चिंच, गूळ, हळद यांची फोडणीत शिजवलेली दाट चटणी करतात, तिला गोज्जू म्हणतात. चुरमुऱ्यांना हा गोज्जू चोळायचा, वरून डाळ्याचे पीठ, कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव. सोबत मिरची भजी. हुबळी-धारवाडात संध्याकाळी पाचनंतर माणूस घरी सापडला नाही तर तो गिरमिट खायला गेलेला असतो.

सासूबाईंनी दाजीबानपेठेत हे बुट्टीत, म्हणजे टोपलीत, घेऊन विकायला सुरुवात केली. तेव्हा कापडदुकानांतली माणसे त्यांचे गिऱ्हाईक होती. मी १९७८ साली या घरात आले. वनिता सहा वर्षांनी आली. माझे यजमान थोरले, तिचे यजमान महेश धाकटे. सासूबाईंनी आम्हा दोघींना एकाच शेगडीवर शिकवले. त्यांचे नियम थोडे होते आणि कडक होते. गोज्जूत टोमॅटो घालायचा नाही. मिरची तेलात पांढरी पडेपर्यंत वाट बघायची. पीठ सगळ्यांत शेवटी. आणि खाणारा समोर येऊन उभा राहिल्याशिवाय चुरमुऱ्याला हात लावायचा नाही. एका माणसाचे एका वेळी, बोटांनी, तळव्याला न लागू देता कालवायचे.

मी सहा वर्षे हे केले. वनिताने दोन महिने केले. मग एका नागपंचमीला सासूबाईंनी दोघींच्या हातचे खाऊन बघितले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वनिताच्या हातात माझा हात आलाय बघ." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पण बरं करतीस की." हा "पण" मी एक्केचाळीस वर्षे सांभाळला आहे. कोणाला द्यायचा म्हटले तरी देता येत नाही, म्हणून तो यादीत नाही.

१९९१ साली महेश भावोजींना धारवाडात छापखान्यात काम मिळाले. वनिताने तिथे सुभाष रोडला गाडी लावली. परात मला राहिली, तिने नवीन घेतली. भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर पुढे कधीतरी मिटले असते. चार वर्षांनी सासूबाई "धारवाडची हवा बरी" म्हणून तिच्याकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. हुबळी आणि धारवाड यांच्यात हवेचा असा काय फरक आहे, हे मी डॉक्टरांना परवा विचारले. त्यांनी सही करून दाखला दिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

५. आता माझी चूक लिहिते. ही चूक गिरमिट न करणाऱ्या माणसाने केली असती तर माफ होती.

प्रशांत कॉलेजला धारवाडला जात असे. मी त्याला सांगत असे, येताना काकूच्या गाडीवरून एक पार्सल आण, पण कोणासाठी ते सांगू नको. तो कागदात बांधलेले गिरमिट बसने घेऊन यायचा. मी वेणूबाईंसमोर पुडी उघडायची. आत चिखल असायचा. मी एक चिमूट तोंडात टाकायची आणि म्हणायची, "बघा, धारवाडकर हे खातात." प्रशांतचे कॉलेज संपल्यावर जो कोणी धारवाडला जाईल त्याला मी हेच काम सांगू लागले. अशी पंचवीस वर्षे गेली. दाजीबानपेठेत मी पसरवून ठेवले की सुभाष रोडला गाळ मिळतो आणि सासूबाईंची चव बुडाली ती तिथे बुडाली.

कालवलेले गिरमिट पाच मिनिटांत मऊ पडते. दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो. बसला तास लागायचा. मी जन्मभर गिरमिट करते आहे, मला हे माहीत नव्हते असे म्हणणे खोटे होईल. माहीत होते. वनिताची पुडी उघडताना मला ते आठवायचे नव्हते.

आणि त्याच वर्षांत मी स्वतः काय केले तेही लिहावे. दुपारी दुकानांतून दहा-दहा माणसांची मागणी एकदम येते. मी परातीत दहाजणांचे एकदम कालवू लागले. काउंटरवर पार्सल पाठवू लागले. मारवाडी शेठजींना गोड लागते म्हणून गूळ वाढवला, आणि गोज्जू लवकर दाट व्हावा म्हणून टोमॅटो घातला. लोकांना आवडले. रांग वाढली. मी रांगेकडे बघायची आणि नागपंचमी विसरल्यासारखे करायची.

६. दोन वर्षांपूर्वी हेमावती मॅडम आल्या. त्या धारवाडच्या एका कॉलेजात शिकवतात आणि जुने रस्त्यावरचे पदार्थ बुडून जाऊ नयेत म्हणून त्यांचे पुस्तक करत होत्या. स्टुलावर बसल्या, वही काढली आणि म्हणाल्या, "अक्का, नीव हेळ्री, ना बरकोंतीनि." तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मला आजवर कोणी असे म्हटले नव्हते. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या.

शेवटी त्यांनी विचारले, "तुमच्या अत्तींनी शिकवलं तस्संच करताय काय, की काही बदललंय?"

अत्ती म्हणजे सासू. मी म्हटले, "कायबी बदललं नाही. जसंच्या तसं."

"सुभाष रोडला तुमच्या जाऊबाई करतात म्हणे. तिथंबी जाऊन यावं म्हणते."

मी म्हटले, "जायला काय, जावा की. पण ते आमचं नव्हे. तिनं सगळं मोडून टाकलंय. टोमॅटो घालती."

टोमॅटो मी घालते. त्या वेळी समोरच्या पातेल्यात होता. मॅडमना दिसला नाही, कारण गोज्जूत विरघळला होता. त्या धारवाडच्याच असून सुभाष रोडला गेल्या नाहीत. माझ्या शब्दावर विसंबून राहिल्या. पुस्तक निघाले. सत्तेचाळिसाव्या पानावर माझा फोटो आहे, परातीसकट, आणि खाली कन्नडमध्ये छापले आहे की तानूबाईंच्या हातचे अस्सल गिरमिट आता फक्त दाजीबानपेठेत उरले आहे. वनिताचे नाव कुठेच नाही. मी ते पान इतक्या लोकांना दाखवले की कोपरा फाटला.

७. मग मला ते पान वनितालाही दाखवावेसे वाटले. मुद्दाम दाखवायचे नव्हते. सहज पिशवीतून बाहेर यावे असे डोक्यात होते. मागच्या माघात एका संध्याकाळी मी हुबळी-धारवाड धावणाऱ्या चिगरी बसने धारवाडला गेले. चौतीस वर्षांत तिच्या गाडीवर मी पहिल्यांदा गेले. पदर कपाळापर्यंत ओढून रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे सातजण होते. ती प्रत्येकाला वेगळे कालवून देत होती. माणूस समोर आला की चुरमुऱ्याला हात. बोटांनी. तिची मुलगी सुनिता शेजारी पीठ भुरभुरत होती, शेवटी.

माझी पाळी आली. वनिताने वर न बघता कालवले, कागद पुढे केला आणि मगच म्हणाली, "अक्का, किती वर्सं लावलात. या, आत येऊन बसा."

मी उभ्या उभ्याच घास घेतला. सासूबाईंच्या हातचे होते. सासूबाईंसारखे म्हणत नाही, त्यांचेच होते. मिरची पांढरी, टोमॅटो नाही, चुरमुरा दाताखाली वाजत होता. मला एकदम नागपंचमी दिसली, आणि त्या दिवशी त्या माझ्याबाबत नव्हे तर चवीबाबत बोलत होत्या, हेही कळले. त्याने राग कमी झाला नाही. उलट आता तो कोणावर काढायचा हेच समजेना.

वनिता म्हणाली, "प्रशांतजवळ दरवेळी निरोप देत होते की. हे बांधून न्यायचं नव्हे, अक्कांना इथं येऊन खायला सांग म्हणून. सांगितला नाही काय त्यानं?"

म्हणजे पार्सल कोणासाठी जाते हे तिला पहिल्यापासून ठाऊक होते. घरी आल्यावर मी प्रशांतला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तुला राग आला असता म्हणून नाही सांगितलं." आला असता, हे खरे आहे. त्याचे मी त्याला माफ केले आहे, घर त्यालाच आहे.

मग वनिता म्हणाली, "पुस्तक बघितलं. फोटो चांगला आलाय तुमचा." तिच्या आवाजात मी टोमणा शोधला. सापडला असता तर मला बरे वाटले असते. पुस्तक माझ्या पिशवीत होते, ते मी बाहेर काढले नाही.

सुनिताने विचारले, "काकू, कसं झालंय?"

मी म्हटले, "मीठ कमी पडलंय."

मीठ बरोबर होते. हे मी शपथेवर लिहून देते. वकिलांनी लेखणी थांबवली होती, मी त्यांना पुन्हा लिहायला लावले.

८. त्यानंतर तीन महिन्यांत माझे मनगट गेले आणि गाडी बंद पडली. गोबी मंचुरियनवाला जागेसाठी दोनदा येऊन गेला. प्रशांत म्हणतो, देऊन टाक. जागा महानगरपालिकेची आहे, ती मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकील सांगतात. तरी माझी इच्छा लिहिते. कलम ४ मधले सगळे सामान माझी जाऊ वनिता महेश तोरगलकर हिला द्यावे, आणि जागेचे ओळखपत्र तिच्या किंवा सुनिताच्या नावे व्हावे म्हणून प्रशांतने अर्ज करावा, खेटे घालावेत, लागेल तिथे बसून राहावे. सासूबाईंची बुट्टी जिथे टेकली तिथे मंचुरियन शिजता कामा नये. तिथे सासूबाईंचे गिरमिट व्हावे, आणि ते आता एकाच घरात होते.

परात घासून द्यावी. परातीत दहाजणांचे कालवू नये, हे वनिताला सांगायची गरज नाही. माझा गूळ आणि टोमॅटो माझ्याबरोबर संपावा. मारवाडी शेठजी आठ दिवस कुरकुर करतील.

वनिता माझ्याआधी गेली तर हे सगळे सुनिताला मिळावे. पण तिने माझ्याआधी जाऊ नये. ती वयाने लहान आहे आणि एवढे तरी तिने पाळावे. सासूबाईंकडे ती पुन्हा माझ्यापुढे जाऊन बसली तर मी काय करू?

हेमावती मॅडमना सोबतचे बंद पाकीट द्यावे. त्यात मी खोटे बोलले ते, आणि खरी कृती कोणाकडे आहे ते लिहिले आहे. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते पान बदलावे, वनिताचा फोटो घालावा आणि नाव पूर्ण छापावे. पाकीट मी गेल्यावरच द्यायचे. त्याआधी नवी आवृत्ती निघाली तर माझा फोटो आहे तसा राहू द्यावा. वकील म्हणाले, "हे बरोबर दिसत नाही." त्यांना दिसत नाही, मला दिसते आहे.

९. माझे दिवस घालताना बुंदी-जिलबी करू नये. तेराव्याला वनिताने माझ्या परातीशेजारी उभे राहून दाजीबानपेठेतल्या माणसांना गिरमिट द्यावे, येईल त्याला, एकेकाला वेगळे कालवून. मात्र दहाव्याला पिंडाजवळ तिच्या हातचे काहीही ठेवू नये. कावळा लगेच शिवेल, आणि लोक म्हणतील, बघा, कावळ्यालाही कळते. भात ठेवावा. उशीर लागला तर लागू द्यावा, कोणाला घाई असेल तर त्याने घरी जावे.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी गुरुप्रसाद वकिलांनी करावी. त्यांनी सगळे लिहून झाल्यावर टोपण लावले आणि विचारले, "मावशी, सगळं तिलाच द्यायचं आहे, तर आजच का देत नाही? धारवाड काय लांब आहे? एक फोन करा, ती उद्या येईल."

येईल, मला माहीत आहे. म्हणूनच फोन करत नाही. आज दिले तर उद्या संध्याकाळी ती माझ्या जागेवर उभी राहील. माझी माणसे, ज्यांना मी इतकी वर्षे नावानिशी ओळखून मिरची कमी-जास्त केली, ती तिच्या हातचे खातील. खाताना बोलायची थांबतील. माझ्या गाडीवर ती खाताना बोलत असत. मग एखादा चांगला माणूस, मला बरे वाटावे म्हणून, माझ्याकडे वळून म्हणेल, "अक्का, तुमचं पण छान व्हायचं."

तो खरे बोलत असेल, आणि मला मान हलवून हसावे लागेल. तेवढे मोठे मन देवाने मला दिले नाही. मागितलेही नव्हते. म्हणून सगळे तिचेच आहे, पण मी डोळे मिटल्यावर.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, एकदा कन्नडमध्येही सांगितला. दोन्हीकडे अर्थ तोच निघाला. तो मला मान्य आहे.

सौ. मथुरा (कंपामुळे सही नीट आलेली नाही, म्हणून शेजारी डाव्या हाताचा अंगठा)
मथुरा नागोजी तोरगलकर

आमच्या समोर मथुराबाईंनी सही व अंगठा केला आणि त्यांच्या समोर आम्ही सह्या केल्या:

साक्षीदार १. डॉ. प्रभंजन कट्टी, हुबळी
साक्षीदार २. विशाल बाबूराव नंदगडकर, कापडदुकानदार, दाजीबानपेठ, हुबळी

लिहून घेणार: गुरुप्रसाद कित्तूरकर, वकील. सहीतील "सौ." हा शब्द चुकीने पडला आहे, हे मथुराबाईंच्या लक्षात आणून दिले. त्यांनी तो तसाच ठेवायला सांगितले.

ठिकाण: हुबळी
तारीख: १४ जुलै २०२५